अनियमित नाडी आणि व्यायामाची मात्रा

नाडीवर तीन बोटे ठेवावीत आणि मग रुग्णाची विचारपूस करावी, ही आपली गुरुपरंपरेने आलेली रीत. परंतु दिवसाकाठी साठ-सत्तर रुग्ण पाहणाऱ्या वैद्याची बोटे नाडीवर प्रत्यक्षात किती वेळ टिकतात, हा प्रश्न आपणांपैकी प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावा. मी तो विचारला. पण उशिरा विचारला. त्या उशिराची किंमत माझ्या एका रुग्णाने मोजली. तो प्रसंग प्रथम सांगतो, कारण या लेखातील पुढचे सर्व विवेचन त्यातूनच निघाले आहे.

सुमारे बारा वर्षांपूर्वी आंबेगाव तालुक्यातील एक छप्पन्न वर्षांचे शेतकरी माझ्याकडे आले. मधुमेह, स्थौल्य, रक्तदाब. ‘जिना चढताना छातीत धडधडते’ अशी तक्रारही त्यांनी सांगितली होती. मी नाडी पंधरा सेकंद मोजली, चाराने गुणली आणि ‘अठ्ठ्याऐंशी’ असा आकडा कागदावर लिहिला. पथ्य सांगितले, औषधे दिली आणि मोठ्या उत्साहाने म्हणालो, ‘‘काका, रोज घाम येईपर्यंत चाला. चढाचा रस्ता धरा.’’ काकांनी वैद्याचा शब्द प्रमाण मानला. महिनाभराने एका उपवासाच्या दिवशी ते सकाळी केवळ चहा घेऊन शिवनेरी चढू लागले. शिवाई देवीच्या देवळापाशी पोहोचेपर्यंत त्यांची वाचा गेली आणि उजवा हात लुळा पडला. पुण्याच्या रुग्णालयात ई.सी.जी. निघाला, तेव्हा निदान झाले ते एट्रियल फिब्रिलेशनचे. हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे गेली होती.

ती नाडी माझ्या बोटांखाली एक महिना आधी येऊन गेली होती. तिची गती मी मोजली. तिचा ताल पाहिला नाही.

काका वाचले. वाचा परतली, हातही पुष्कळसा सुधारला. मात्र त्यानंतर माझ्या हातून दुसरी चूक घडली. भयापोटी मी त्यांना सांगितले, ‘‘आता श्रम अजिबात नकोत.’’ काका ओट्यावर बसून राहिले. सहा महिन्यांत वजन आठ किलोंनी वाढले, साखर चढली, झोप गेली. एके दिवशी त्यांनी विचारले, ‘‘डॉक्टरसाहेब, बांधापर्यंत गेलो तर हृदय बंद पडेल का?’’ या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर मजपाशी नव्हते. अमर्याद व्यायाम ही पहिली चूक होती आणि संपूर्ण निषेध ही दुसरी. दोहोंच्या मध्ये मात्रा नावाची एक गोष्ट असते, आणि औषधाच्या बाबतीत आपण जिला एवढे जपतो तिलाच व्यायामाच्या बाबतीत विसरतो.

शास्त्र काय सांगते

आपल्या संहिता या विषयात मौन नाहीत. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात वातज हृद्रोगाची कारणे सांगताना शोक, उपवास, व्यायाम आणि रूक्ष, शुष्क, अल्प भोजन यांचा एकत्र निर्देश केला आहे. उपाशीपोटी गड चढणाऱ्या काकांचे चित्र मला पुढे या वाक्यात स्पष्ट दिसले. त्याच सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात व्यायामाचे गुण सांगून लगेच अतिव्यायामाचे दोष सांगितले आहेत आणि क्षुधित, तृषित, भयभीत, शोकग्रस्त, श्रांत अशा व्यक्तींना व्यायाम वर्ज्य ठरविला आहे. म्हणजे व्यायाम हा हेतूही आहे आणि उपायही आहे. दोहोंतील भेद मात्रेचा व काळाचा.

ही मात्रा कशी ओळखावी? सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात बलार्धाची लक्षणे दिली आहेत. हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागतो, म्हणजे श्वास तोंडाने घ्यावासा वाटतो, कपाळ, नाक, काख व सांधे यांवर घाम येतो, मुखशोष होतो. तेथे थांबावे. वाग्भटाचार्यांनी हे अर्धशक्तीचे प्रमाणही सर्वांना दिलेले नाही. बलवान, स्निग्ध आहार घेणारा मनुष्य शीत व वसंत ऋतूत अर्धशक्तीने व्यायाम करील. इतर काळी त्याहून मंद. मग ज्याचे हृदयच विकृत आहे त्याने आरंभी या अर्धाच्याही अर्ध्यावर थांबावे, हे ओघानेच आले.

नाडीविषयी शार्ङ्गधराचार्यांचे म्हणणे आपण विद्यार्थिदशेत पाठ केलेले असते. थांबून थांबून चालणारी नाडी त्यांनी प्राणघातक म्हटली आहे. इशारा म्हणून हे वचन अमोल आहे. तथापि आजच्या चिकित्सकाने त्यावर एक पाऊल पुढे टाकले पाहिजे. थांबणारी प्रत्येक नाडी घातक नसते. कोणती घातक व कोणती निरुपद्रवी हे बोटांवरून ठरत नाही.

एका खेडवळ डॉक्टरची साक्ष

या प्रश्नावर आयुष्य घालविणारा एक मनुष्य आपल्यासारखाच सामान्य चिकित्सा करणारा होता. सर जेम्स मॅकेन्झी यांनी इंग्लंडमधील बर्नली या कापडगिरण्यांच्या गावात १८७९ पासून सुमारे अठ्ठावीस वर्षे व्यवसाय केला. मोठे रुग्णालय नाही, प्रयोगशाळा नाही. मनगटाची नाडी आणि मानेची शीर यांची स्पंदने एकाच वेळी कागदावर उमटविणारे पॉलिग्राफ नावाचे यंत्र त्यांनी तयार करविले आणि त्याच त्या रुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या. १९०२ मध्ये त्यांचा नाडीविषयक ग्रंथ प्रसिद्ध झाला. ठोका चुकतो म्हणून ज्यांना अंथरुणाला खिळवून ठेवले जाई, त्यांतील कित्येक जण पुढे दीर्घकाळ ठणठणीत राहतात. उलट काहींची पूर्णतः बेताल नाडी हे गंभीर विकाराचे लक्षण असते, हा भेद त्यांनी दाखवून दिला. अनावश्यक विश्रांती देऊन निरोगी माणसाला रोगी बनविण्यावर त्यांचा विशेष रोष होता. माझी दुसरी चूक त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवून ठेवली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

मॅकेन्झींच्या हाती नव्हता तो ई.सी.जी. आज मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर, ओतूर, आळेफाटा येथे सहज निघतो. तेव्हा सबब उरलेली नाही.

बोटांखालची नाडी: चार प्रकार

व्यवहारात नाडी पूर्ण एक मिनिट पाहावी. ती अनियमित वाटल्यास स्टेथोस्कोप हृदयावर ठेवून पुन्हा एक मिनिट ठोके मोजावेत. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये काही ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. हृदयावर एकशे तीस आणि मनगटावर अठ्ठ्याऐंशी, असे होऊ शकते. माझ्या कागदावरील ‘अठ्ठ्याऐंशी’ हा आकडा कदाचित असाच फसवा होता.

पहिला प्रकार : ताल नियमित, मधूनच एखादा ठोका चुकतो. हे बहुधा अकाली ठोके असतात. चहा, तंबाखू, जागरण, पांडुरोग, चिंता ही कारणे शोधावीत. हृदयाची रचना निर्दोष असेल व चालल्यावर असे ठोके कमी होत असतील तर व्यायामास सामान्यतः आडकाठी नाही. श्रमाने ते वाढत असतील तर मात्र तज्ज्ञाकडे पाठवावे.

दुसरा प्रकार : ताल मुळातच नाही. कोणतेही दोन ठोके सारख्या अंतराने येत नाहीत. असे आढळल्यास एट्रियल फिब्रिलेशन समजूनच पुढची पावले टाकावीत. या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो, हे अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील प्रदीर्घ अभ्यासाने १९९१ मध्ये दाखविले. आमवातज्वरानंतर द्विदल झडप अरुंद झालेली असेल तर धोका याहून पुष्कळ अधिक असतो. आपल्या भागात धाप लागणारी तरुण स्त्री आणि बेताल नाडी असा योग दिसला, तर झडपेचा विचार प्रथम करावा. अशा रुग्णाची नाडी श्रमाने वेगावली की फुप्फुसात पाणी साचते.

तिसरा प्रकार : एकाएकी सुरू होऊन एकाएकी थांबणारी अतिजलद, परंतु नियमित धडधड. रुग्ण दवाखान्यात येईपर्यंत नाडी पूर्ववत झालेली असते आणि ‘गॅस’ असे निदान होऊन जाते. धडधड चालू असतानाच ई.सी.जी. काढण्यास अशा रुग्णास बजावावे.

चौथा प्रकार : अतिमंद नाडी. निरोगी कष्टकऱ्याची नाडी पन्नासच्या घरात असू शकते. परंतु मंद नाडीबरोबर भोवळ, डोळ्यांपुढे अंधारी वा धाप असेल, किंवा श्रम करूनही नाडी वाढत नसेल, तर हृदयातील विद्युत्प्रवाहाचा अवरोध संभवतो. येथे व्यायाम नव्हे, पेसमेकर हा उपाय असू शकतो.

कोणास व्यायाम सांगूच नये

खालीलपैकी एकही गोष्ट आढळल्यास हृद्रोगतज्ज्ञांचा अभिप्राय येईपर्यंत चालण्याचाही नवा कार्यक्रम देऊ नये.

१. श्रम करताना किंवा श्रमानंतर लगेच आलेली मूर्च्छा.
२. श्रमाने छातीत दुखणे किंवा दिवसेंदिवस वाढणारी धाप.
३. घराण्यात चाळिशीच्या आत झालेला आकस्मिक मृत्यू.
४. विश्रांतीतही हृदयाची गती ११० च्या वर राहणे.
५. नव्यानेच आढळलेली बेताल नाडी, जिचा ई.सी.जी., इको व रक्त पातळ ठेवण्याच्या औषधाचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे.
६. ताप, अतिसार, वमन चालू असणे.

तिसऱ्या मुद्द्याविषयी थोडे अधिक. ‘पट्टीचा पोहणारा होता, विहिरीत बुडाला कसा कळले नाही’, अशी हकिगत आपल्या खेड्यांत ऐकू येते. काही आनुवंशिक विकारांत हृदयाचा विद्युत्काल लांबलेला असतो आणि पोहताना, विशेषतः पाण्यात उडी घेतल्यावर, हृदयाचा ताल कोलमडतो. कुटुंबाचा इतिहास घेताना बुडालेल्या पोहणाऱ्याविषयी व अपस्मार समजून उपचार झालेल्या मुलाविषयी मुद्दाम विचारावे. अशा घरातील प्रत्येक भावंडाचा ई.सी.जी. काढणे हे खरे प्रतिबंधक औषध होय.

व्यायाम हितकर ठरतो काय

ठरतो, आणि याविषयी आता पुरावा आहे. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे एट्रियल फिब्रिलेशनच्या १२० रुग्णांना दोन गटांत विभागून एका गटास सहा महिने मार्गदर्शनाखाली क्रमाक्रमाने वाढणारा व्यायाम दिला गेला. वर्षअखेर व्यायामगटातील ४० टक्के रुग्ण विकारमुक्त राहिले. दुसऱ्या गटात हे प्रमाण २० टक्के होते. हे निष्कर्ष २०२१ मध्ये मांडले गेले. त्याच शहरातील २०१५ च्या अभ्यासात वजन दहा टक्के किंवा अधिक घटवून ते टिकविणाऱ्या स्थूल रुग्णांत विकार परतण्याचे प्रमाण लक्षणीय कमी आढळले. स्थौल्यचिकित्सा हे आपले क्षेत्र आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

अतियोगाचाही पुरावा तितकाच बोलका आहे. स्वीडनमध्ये बर्फावरून घसरत जाण्याची ९० किलोमीटरची वासालोपेट नावाची शर्यत भरते. १९८९ ते १९९८ या काळात ती पूर्ण करणाऱ्या ५२,७५५ स्पर्धकांचा मागोवा घेतला असता, ज्यांनी अधिक वेळा व अधिक वेगाने शर्यत पूर्ण केली त्यांच्यात तालविकार अधिक आढळले. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. हीन, मिथ्या आणि अतियोगाचे आपले सूत्र येथे वेगळ्या भाषेत सिद्ध झाले आहे.

मात्रा ठरविण्याची रीत

तज्ज्ञांनी अनुमती दिल्यावर मी जो क्रम वापरतो तो असा. पहिले दोन आठवडे सपाट रस्त्यावर दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटे चालणे. पुढे दर आठवड्यास पाच मिनिटांची वाढ. लक्ष्य आठवड्यातून पाच दिवस, रोज तीस मिनिटे. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी : वेळ, वेग किंवा चढ. चढाचा विचार दोन महिन्यांनंतर. आरंभी पाच-दहा मिनिटे संथ आणि शेवटीही तितकीच संथ चाल असावी. एकदम थांबणे हे एकदम धावण्याइतकेच घातक असते. श्रमानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत तालविकार उद्भवण्याचा संभव अधिक.

वय वजा करून काढलेला नाडीचा आकडा या रुग्णांना लागू पडत नाही. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी वाढतच नाही आणि बेताल नाडी मनगटी घड्याळासही अचूक मोजता येत नाही. म्हणून श्वासाची खूण धरावी. चालताना सोबत्याशी बोलता यावे. अभंग म्हणू लागल्यास मात्र दम लागावा, ही मध्यम मात्रा. बोलताना वाक्य तुटू लागले किंवा श्वास मुखाकडे वळला की गती कमी करावी. सुश्रुताचार्यांची बलार्धाची खूण आणि आजची ही कसोटी यांत मला तरी फरक दिसत नाही. आपल्या रुग्णाने मात्र घामाची वाट न पाहता पहिल्या खुणेलाच थांबावयाचे आहे.

योगाभ्यासाविषयी. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात डॉ. धनंजय लक्किरेड्डी व सहकाऱ्यांनी केलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या अभ्यासात तीन महिन्यांच्या योगाभ्यासाने एट्रियल फिब्रिलेशनचे झटके व चिंता कमी झाल्याचे आढळले. सौम्य आसने, शवासन, कुंभकरहित अनुलोम-विलोम हे द्यावे. दीर्घ कुंभक, वेगवान भस्त्रिका, शीर्षासन व श्वास रोखून केलेली जोर-बैठक टाळावी.

पेसमेकर किंवा विजेचा झटका देणारे उपकरण बसविलेल्या रुग्णाने पहिले चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये, आणि पुढेही त्या जागी जोराने अभ्यंग-मर्दन करू नये. उपकरण कोणत्या गतीला झटका देते हे तज्ज्ञांकडून लिहून घ्यावे आणि व्यायाम त्याच्या बराच खाली ठेवावा. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांस कबड्डी व कुस्ती वर्ज्य.

आपल्या दोन तालुक्यांतील प्रसंग

पुस्तकातील व्यायाम शहरी माणसासाठी लिहिलेला असतो. आपला रुग्ण ‘व्यायाम करतो का’ या प्रश्नाला नाही म्हणतो आणि नारायणगावच्या टोमॅटो बाजारात वीस-वीस किलोंची क्रेट सकाळभर उचलतो. पश्चिम पट्ट्यातील आदिवासी भगिनी भातलावणीत दिवसभर वाकून असते, आणि हिरड्याच्या हंगामात रानात चढ-उतार करून बाळहिरडा गोळा करते. त्यांना चालावयास सांगण्यापूर्वी त्यांच्या श्रमाचा हिशेब घ्यावा. ओझे उचलताना श्वास रोखू नये, दोन खेपांत विसावा घ्यावा, भर उन्हात पाणी व चिमूटभर मीठ-साखर घ्यावी, हाच त्यांचा व्यायामोपदेश. हृदय दुबळे झालेल्या वा पाणी मोजून पिण्यास सांगितलेल्या रुग्णास मात्र असे सरसकट सांगू नये.

चढाचे प्रसंग तर आपल्याकडे धर्माशी जोडलेले. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या, शिवनेरीचे सात दरवाजे, आणि आंबेगाव-खेडच्या सीमेवरील भीमाशंकर, जेथे दर्शनाला उतरताना सोपे वाटते आणि परतीचा चढ बाकी असतो. चतुर्थी, श्रावणी सोमवार, महाशिवरात्र या दिवशी भाविक उपाशी असतो, पाणी कमी पितो आणि ‘उपवासाला गोळी चालत नाही’ म्हणून नेमकी त्याच दिवशी औषधे चुकवितो. क्षुधित व तृषिताने व्यायाम करू नये हे चरकवचन या दिवशी दवाखान्यात फलक लावून सांगावे, असे माझे मत आहे. दर्शन वर्ज्य नाही. फलाहार घ्यावा, गोळी घ्यावी, थांबत थांबत चढावे आणि देवासही ते मान्य आहे असे घरच्या वडीलधाऱ्यांकडून सांगवावे.

शिवजयंतीस गावोगावचे तरुण शिवनेरीवरून ज्योत घेऊन रात्रभर धावत आपल्या गावी नेतात. वर्षभर न धावलेला तरुण एकदम मैलोगणती धावतो. मंडळांनी निघण्यापूर्वी आपल्यापैकी कोणास बोलावले, तर धावणाऱ्यांना तीनच प्रश्न विचारावेत : धावताना कधी मूर्च्छा आली काय, घरात तरुण वयात कोणी अचानक गेले काय, सध्या ताप आहे काय. एकास ‘होय’ म्हणाला त्याने वाहनात बसून ज्योतीची सेवा करावी.

औषधविक्रेत्यांसाठी

या विषयाचा अर्धा भाग आपल्या दुकानातील फळीवर आहे. वत्सनाभ हे हृदयाचा ताल बिघडविणारे प्रसिद्ध विष. शोधनाने त्याची उग्रता घटते. नाहीशी होते असे समजू नये. त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव, मृत्युंजय अशा कल्पांत ते असते. तालविकाराच्या रुग्णाने ‘सर्दीची गोळी द्या’ म्हटले तर हे कल्प वैद्याच्या चिठ्ठीवाचून देऊ नयेत. औषध कायद्याच्या ई-१ अनुसूचीत वत्सनाभ, कुचला व करवीर आहेत, ते उगीच नव्हेत.

यष्टिमधु दीर्घकाळ अधिक मात्रेत घेतल्यास शरीरातील पोटॅशियम घटते. मूत्रल गोळी व डिगॉक्सिन चालू असणाऱ्या रुग्णात ही घट ताल बिघडविण्यास पुरेशी असते. तोच न्याय तीव्र विरेचनास. पंचकर्मानंतर संसर्जनक्रम पूर्ण होईपर्यंत अशा रुग्णास व्यायाम देऊ नये. सोमलतेतील एफेड्रिनमुळे ताल बिघडल्याच्या व मृत्यूच्या घटनांनंतर अमेरिकेने २००४ मध्ये ते असलेल्या पूरक आहारांवर बंदी घातली. व्यायामशाळेत जाणारी मुले मागतात त्या ‘ताकदीच्या’ डब्यांवरील कॅफीनचे प्रमाण वाचून पाहावे.

सर्पगंधेची कीर्ती मुंबईच्या डॉ. रुस्तम जल वकील यांच्या १९४९ मधील शोधनिबंधाने जगभर गेली. तीच सर्पगंधा बीटा ब्लॉकरबरोबर दिल्यास नाडी धोकादायक मंद होऊ शकते. मुंबईतील औषधशास्त्रज्ञांच्या १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुग्गुळाच्या अर्कामुळे डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल यांचे रक्तातील प्रमाण घटल्याचे दिसले. ही दोन्ही औषधे हृदयाची गती आवरण्यासाठीच देतात. वॉर्फरिन घेणाऱ्यास लसूण वा गुग्गुळाचे कल्प नव्याने सुरू केल्यास रक्ताची आय.एन.आर. तपासणी पुन्हा करवावी. अर्जुनावर माझीही श्रद्धा आहे. परंतु अर्जुनारिष्ट देऊन रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद करविणे हा अपराध होय. झडप अरुंद असलेल्या रुग्णात तर वॉर्फरिनला नव्या औषधांचाही पर्याय आजवर सरस ठरलेला नाही, असे २०२२ च्या एका मोठ्या जागतिक चाचणीने दाखविले आहे.

प्रसंग ओढवल्यास

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगन येथे डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन सामना चालू असताना मैदानात कोसळला. त्याचे हृदय थांबले होते. जागीच छातीवर दाब देऊन व विद्युत्झटका देऊन त्यास वाचविण्यात आले. पुढे त्याच्या शरीरात झटका देणारे उपकरण बसविले गेले. इटलीतील नियमांमुळे तेथे त्यास खेळता आले नाही. इंग्लंडमध्ये मात्र २०२२ च्या फेब्रुवारीत तो पुन्हा मैदानात उतरला. उपकरण बसविलेल्या माणसाने खेळावे की नाही, यावर दोन देशांचे नियम भिन्न होते. पहिल्या काही मिनिटांतील दाबावर मात्र दुमत नाही.

आपल्या यात्रेत, तालमीत, बाजारात कोणी कोसळला, हाकेला प्रतिसाद नसला व श्वास नीट नसला, तर १०८ ला फोन करण्यास एकास पाठवावे आणि स्वतः छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटास १०० ते १२० या गतीने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. पाणी पाजणे, कांदा हुंगविणे यात वेळ दवडू नये. आपल्या संघटनेच्या प्रत्येक तालुका शाखेने वर्षातून एकदा हे प्रात्यक्षिक घ्यावे आणि त्यास औषधविक्रेत्यांनाही बोलवावे, अशी माझी सूचना आहे.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर

काकांच्या प्रश्नाचे उत्तर मी पुण्यातील हृद्रोगतज्ज्ञांना विचारून आणले. गती आवरणारे औषध व वॉर्फरिन त्यांनी ठरविले. चालण्याची मात्रा मी ठरविली. पहिल्या दिवशी काका घरापासून विहिरीपर्यंत गेले आणि मी बरोबर चाललो, कारण भय घालविण्यास औषध नव्हे, सोबत लागते. दोन महिन्यांनी ते बांधापर्यंत, चार महिन्यांनी गावच्या वेशीपर्यंत जाऊ लागले. ताल आजही बेताल आहे. वजन उतरले आहे, झोप आली आहे. शिवनेरी ते पुन्हा चढले नाहीत. पायथ्यापाशी उभे राहून हात जोडतात व परततात.

माझ्या दवाखान्यात तेव्हापासून टेबलावर सेकंदकाटा असलेले घड्याळ आहे. रुग्ण कितीही असोत, चाळिशीपुढील प्रत्येकाची नाडी पूर्ण एक मिनिट पाहिली जाते. दिवसाकाठी त्यात तासभर जातो. त्या तासात आजवर अशा अनेक बेताल नाड्या हाती लागल्या, ज्यांच्या धन्यांना त्यांची वार्ताही नव्हती. सर्व वैद्यबंधू-भगिनींनी हे एक मिनिट द्यावे, आणि मगच ‘चाला’ हा शब्द मात्रेसह चिठ्ठीवर लिहावा, एवढीच विनंती.